गच्चीवरची फीत

"फीत सरळ झाल्याशिवाय लिहायचं नाही हं," शलाकानं बजावलं.

अनुया आणि विनीत, तिची दोन्ही मुलं, गच्चीतल्या काठीला बांधलेल्या लाल फितीकडे डोळे लावून बसली. अंबरनाथ पूर्वेच्या त्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं हेच चाललं होतं. कापलेल्या बाटलीत पाऊस मोजायचा, तापमान टिपायचं आणि फीत जिकडे उडेल तिकडे वहीत बाण काढायचा.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या केमिकल कारखान्यानं गॅस सोडला आणि विनीत आठ दिवस ऑक्सिजनवर होता. "गॅस आमचा नव्हेच, वारा उलटा होता," म्हणून कारखान्यानं हात वर केले. खोटं बोलायचं तर निदान आभाळाकडे बघून तरी बोलावं! शलाकाच्या तळपायाची आग तेव्हा मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती.

तिथलेच अधिकारी समीरसाहेब मात्र देवमाणूस निघाले. त्यांचा बंगला कारखान्याच्या पलीकडे. "वहिनी, आमचं वाऱ्याचं यंत्र बंदच आहे. तुम्ही रोज वहीचा फोटो पाठवा, मी वर दाखवतो. न्याय मिळवून देतो." मुलांना थर्मामीटरही त्यांनीच आणून दिला.

शलाका न चुकता फोटो पाठवायची. वास काही थांबला नाही, घराच्या खिडक्या बंदच ठेवाव्या लागायच्या.

"आई, गंमत बघ," अनुया वही चाळत म्हणाली. "बाण आपल्याकडे असला की गॅस सोडतात. समीरकाकांच्या बंगल्याकडे असला की एकदाही नाही! काय शहाणा कारखाना आहे गं."

"असेल," शलाका म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. "वहिनी, फोटो आज जरा लवकर टाका. मालक आणि सगळे डायरेक्टर जेवायला आहेत माझ्याकडे. लॉनवरच टेबलं लावलीत."

"अरे वा! घरची मंडळी दमली असतील."

"छे हो, बायको-मुलं माहेरी. नुसते साहेबलोक."

"होऊ द्या झकास. आत्ता पाठवते."

फीत सरळ झाली. शलाकानं अनुयाच्या हातातलं पेन घेतलं, ठसठशीत बाण काढला आणि फोटो पाठवून दिला.

"आई, अगं चुकलीस! फीत काकांच्या बंगल्याकडे उडतेय. तू बाण आपल्याकडे काढलास!"

"हो," शलाका म्हणाली. "विनीत, खाली जा आणि घराच्या सगळ्या खिडक्या उघड."