कोणत्या धक्क्याला लागायचं

"तुझ्या विम्यात नाही का बसत हे?" बाबांनी फोन कानाशी घट्ट धरून विचारलं.

"बसतं. पण पहिला मोठा घास आपल्यालाच गिळावा लागतो," साता समुद्रांपलीकडून धाकटी म्हणाली. "उरलेलं देतीलच, याचा काय भरवसा? इकडे या ऑपरेशनच्या पैशात तिकडे दोन घरं होतील, बाबा."

बाबांचा जन्म नदीवर फेरीबोट चालवण्यात गेला होता. फोन ठेवला की ते खिडकीशी बसत आणि डोळे मिटत. मग धाकटीच्या देशातलं हॉस्पिटल त्यांना दिसे. पांढरंशुभ्र, दिव्यांनी लखलखणारं, धुक्यातून संथ सरकत येणारं जहाजच जणू. शिडीवर मात्र तिकीट तपासणारा उभा.

थोरला तिसऱ्याच देशात होता. "आमच्याकडे फुकट आहे," तो म्हणाला, "पण फक्त इथल्या रहिवाशांना. आणि त्यांचाही नंबर लागेपर्यंत केस पिकतात."

दुपारच्या डुलकीत बाबांना दुसरं जहाज दिसलं. तिथं तिकीट नव्हतं, पण धक्क्यावर नजर पोचेल तिथवर रांग होती आणि रांगेतली माणसं उभ्या उभ्या झोपली होती.

"दुरून डोंगर साजरे," आई म्हणाली. "इथंच करू. डॉक्टर ओळखीचे आहेत, खर्चही झेपेल."

तसंच ठरलं. मग बाबांच्या तपासण्या सुरू झाल्या. आज रक्त, उद्या छातीचा फोटो, परवा आणखी काही. आईनं त्यांची सिगरेट बंद केली, मीठ कमी केलं. पाण्याची बादलीसुद्धा उचलू देईना.

"अगं, मला काही झालेलं नाही," बाबा कुरकुरत.

"माहीत आहे. गप बसा," असं म्हणून आई तोंड फिरवी आणि डोळे टिपी.

ठरल्याप्रमाणे धाकटी आली. विमानतळावर तिनं मिठी मारली, तेव्हा बाबांच्या हाताला तिच्या पाठीचे मणके लागले.

"सुकलीस गं."

"विमानात झोप झाली नाही." घरी येताना गाडीत तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "बाबा, भीती वाटते?"

"भर पुरातही बोट बुडू दिली नाही मी. भीती कसली?"

ती हसली आणि तशीच झोपी गेली. रस्त्याकडेची झाडं पाण्यात हलावीत तशी काचेवरून सरकत होती. हा रस्ता संपूच नये, असं बाबांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं हॉस्पिटलात पोचले. लांबलचक कॉरिडॉरमध्ये कोवळं ऊन पसरलं होतं. समोरून सिस्टर चाकांची खुर्ची ढकलत आली आणि तिनं ती बाबांपुढे थांबवली.

"या बाबा, बसा. वरती वॉर्डात जायचंय."

बाबांनी खुर्ची हळूच वळवली आणि धाकटीचा हात धरून तिला तीत बसवलं.

"पेशंट ही आहे, सिस्टर," ते म्हणाले. "मी नुसती माझी एक किडनी पोचवायला आलोय."