उनपदेवाचं ऊन पाणी

"आवो, तुमनी चप्पल मांगे ऱ्हायनी," दिपमाला म्हणाली.

अमृतनं खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. रिक्षा थांबली तिथून इथवर सगळी खडी, आणि हा गडी तसाच चालत आला होता. तो मागे फिरला.

"ध्यान कोठे शे तुमनं?"

"त्यानं ध्यान कसं ऱ्हाई?" पुढून सासूनं, कमलबाईंनी उत्तर दिलं. "घरमा असं लचांड!"

लचांड म्हणजे दिपमालाच्या पाठीवरचा डाग. खांद्याच्या खाली, रुपयाएवढा, पांढुरका. न्हाताना सासूच्या नजरेस पडला आणि त्या दिवसापासून घराचं घरपण गेलं. दिपमालाचं ताट वेगळं झालं, अंथरूण ओसरीवर आलं. तेही तिनं सोसलं असतं. पण कमलबाईंनी तीन वर्षांची भाविका तिच्या कुशीतून उचलून आपल्याजवळ निजवायला घेतली. पोर रडायची, ही ओसरीवर उशीत तोंड खुपसून पडायची. अमृत बायकोच्या बाजूनं होता, म्हणजे मनातल्या मनात. आईसमोर त्याचं तोंड उघडत नसे.

गावातली आशाताई, आरोग्य केंद्राची सेविका, येऊन गेली होती. तिनं दिपमालाला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाचं टोक डागावर अलगद टेकवलं.

"कळलं?"

"हो."

"मग तो महारोग नाही, वहिनी. बुरशी असेल, मलम देते. तो रोग असला की त्या जागेला कळेनासं होतं. आणि तसं असलं तरी भ्यायचं काय? गोळ्या फुकट मिळतात, माणूस बरा होतो. घरातल्या सगळ्यांनाच एकदा बघू द्या ना."

"आम्हले काय धाड भरनी?" म्हणत कमलबाईंनी तिला दारातूनच वाटेला लावलं. मग शेजारणीला सांगितलं, "आशाबाईले काय समजस? हाई मनी सून डोया किलकिला करीसन देखे."

आता निकाल उनपदेवाच्या गरम झऱ्याकडे होता. पौषात लोक इथे न्हायला येतात, अंगाची खाज-खरूज जाते म्हणतात. पण कमलबाईंच्या माहेरचं म्हणणं याहून कडक होतं. ज्याचं अंग निर्मळ, त्याला हे पाणी पोळत नाही. ज्याच्या अंगात रोग, त्याला चटका बसलाच समजा. पोळलं तर दिपमालानं इथूनच शिंदखेड्याला माहेरी जायचं. एकटीनं. भाविका सासरी, धरणगावलाच राहणार.

म्हणून येताना दिपमालानं झोपलेल्या पोरीची पापी घेतली होती, चोरासारखी. आईनं लेकीची पापी चोरून घ्यावी, काय हे जिणं!

कुंडाजवळ सकाळची गर्दी नव्हती. दोन-चार बायका पायऱ्यांवर लुगडी पिळत होत्या. दगडी गोमुखातून पाण्याची धार पडत होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. दिपमालाचे पाय थबकले.

"घाबरू नको," अमृत हळूच म्हणाला. "मी आधी देखस."

"हा, तू घाल हात," कमलबाई म्हणाल्या. "मना पोऱ्याना हात म्हंजे लोखंड."

ते मात्र गावभर ठाऊक होतं. शेतात भरिताचा बेत निघाला की तुराट्यांच्या जाळातून वांगी काढायला अमृतच लागायचा. बाकीचे फू-फू करत बोटं झटकायचे. हा धगधगती वांगी हातात धरून सालं ओढायचा. दोन-तीन वर्षं झाली, भरीत म्हटलं की त्याला बोलावणं ठरलेलंच. पोरं टाळ्या वाजवायची आणि कमलबाईंची छाती फुगायची.

अमृतनं हात धारेखाली धरला. थोडा वेळ तसाच ठेवला, मग मागे वळून हसला. किती दिवसांनी हसला तो!

"इतलं काही ऊन नही शे. ये."

दिपमालाचा जीव भांड्यात पडला. नवऱ्यावर तिचा भरवसा होता. तिनं पदर खोचला, हात जोडले आणि पाठ धारेखाली दिली.

तिची किंकाळी वरच्या देवळापर्यंत गेली. ती पायरीवर कोसळली. पाठ भाजून निघाली होती आणि डागाची जागा तर नुसती पेटली होती.

"देखं?" कमलबाई कडाडल्या. "मना पोऱ्याले काहीच नही व्हयनं. हिलेच चटका लागना! आते जा तुना मायेरले. पोर मना घर ऱ्हाई."

लुगडं पिळणारी एक बाई धावत आली. "अय माय, डायरेक्ट तोंडाखाली कसाले गई? कोणालेबी पोळस ते पानी. आम्ही थंड मिसाळीसन लेतस."

दिपमालाचं रडू थांबलं. कोणालाही पोळतं?

तिनं वर पाहिलं. अमृत गोंधळून तिथंच उभा होता. हात अजून धारेखाली होता, काढायचाच विसरला होता. ती धडपडत उठली आणि त्याचं मनगट ओढून हात बाहेर घेतला. तळवा लालबुंद झाला होता. बोटांवर फोड टरारून वर येत होते.

"काय व्हयनं?" अमृतनं विचारलं.

चप्पल, वांगी, सगळं एकदम दिपमालाच्या डोळ्यांपुढे आलं.

"डोया मिटा," ती म्हणाली.

"कसाले?"

"मिटा ना, आवो."

त्यानं डोळे मिटले. दिपमालानं त्याच्या तळव्याच्या कडेला, फोड नव्हता तिथे, अंगठ्याचं नख रुतवलं. जोर लावला. रक्ताचा थेंब आला, तसा कमलबाईंनी पदर तोंडावर धरला.

अमृत डोळे मिटून वाट पाहत होता.

"हं," तो म्हणाला, "लाव ना आते."