मधलं लिहायचं राहिलं

ऑपरेशनची नोंद वाचून बिलासाठी तिला कोड लावायचा, हे माझं काम. डुलुथच्या आमच्या हॉस्पिटलात सर्जन डॉ. लिंडक्विस्ट ऑपरेशन झालं की आधी नातेवाइकांशी बोलतात, मग कॉफी घेतात आणि मग नोंद लिहायला विसरतात. आठवडाभर मागे लागावं, तेव्हा कुठे मिळते.

आज मात्र पेशंट शुद्धीवर यायच्या आत नोंद हजर. मी फोन लावला.

“काय डॉक्टर, तब्येत बरी आहे ना आज? पोट उघडलं लिहिलंय, शिवलं लिहिलंय. मधे काय केलंत ते राहिलंय.”

“राहिलं नाही, डोरीन. कॅन्सर सगळीकडे पसरलाय. हात लावण्यासारखं काही नव्हतंच.”

“मग तेवढं लिहा. तुम्ही लिहिल्याशिवाय मला कोड लावता येत नाही.”

“लिहितो.” पण ते फोन ठेवेनात. “पेशंटची बायको बाहेर विणत बसलीय. मला बघितलं की विणकाम खाली ठेवेल.”

त्यांची आजची घाई कशासाठी होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“डॉक्टर,” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी म्हणाले, “नोंद उद्या दिली तरी चालेल. तुम्ही आधी बाहेर जा.”