दांडीचं मागचं टोक

"जावईबापू, पुरे झालं आता. ही धर्मशाळा नाही. उद्यापासून आपलं आपण बघा," मुकादम म्हणाला आणि त्याने ताट बाजूला सारलं.

मुलगी तेवढी कळवळून म्हणाली, "बाबा, ते काम करतात हो!"

"करतात तर! माझ्या निम्म्या वयाचा गडी, एक खेप झाली की भिंतीला टेकतो. धापा काय टाकतो, पाणी काय मागतो! मी बघ, दिवसभर ओझी वाहून ताठ उभा."

गोदामात सगळे जावयाला 'आयतोबा' म्हणत. हे नाव सासऱ्यानेच ठेवलेलं. अंगचोर, ऐतखाऊ, खायला काळ अन् भुईला भार. रोज नवा घरचा आहेर. घरजावई म्हटल्यावर लोकांनाही हसायला निमित्त हवंच होतं.

जड पेट्या दोघांनी मिळून वाहायच्या. दोघांच्या खांद्यावर जाड दांडी आणि मधोमध दोरीने टांगलेली पेटी. दोरी जिकडे सरकेल तिकडचा खांदा भरतो, हे तिथे कुणालाही सांगावं लागत नसे. मुकादम कायम पुढे. पुढच्याने वाट बघायची. मान मागे वळली की पाय चुकतो. दोरी बांधायची, दांडी आणायची, परत ठेवायची, ते सगळं मागच्याने. जावई हाताखाली आला त्याच सुमारास मुकादमाची कंबरदुखी पळाली होती. "राबणाऱ्याला म्हातारपण येत नाही," असं तो मिशीवर हात फिरवत सांगे.

सकाळी जावयाने वळकटी उचलली. मुलगीही डोळे पुसत त्याच्यामागे निघाली. दारात वाकून नमस्कार करताना तो एवढंच म्हणाला, "मामा, जपून."

शहाणपण शिकवायला बरं जमतं, मुकादमाच्या मनात आलं. पण मुलीने वळूनही पाहिलं नाही, ते त्याला लागलं.

गोदामात त्याने मागे एक दांडगा गडी घेतला. "आता बघा काम कसं होतं ते!" म्हणत त्याने रोजच्याच दांडीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. दोघे उठले. दांडी मुकादमाच्या खांद्यात रुतली. दारापर्यंत पोचायच्या आत त्याच्या छातीचा भाता झाला आणि कंबरेत कळ उठली.

"थांब, थांब!" तो ओरडला. "दोरी पुढे सरकलीय. डोळे फुटले का तुझे?"

"नाही हो मुकादम," मागचा म्हणाला. "बरोब्बर मधोमध आहे."

पेटी खाली टेकली. मुकादमाने मागे वळून पाहिलं. दोरी खरंच मधोमध होती आणि तिथलं लाकूड अगदी कोरं होतं. दोरीने घासून घासून पडलेली खाच पार मागे होती, जावयाच्या खांद्याला लागून.