पंधरावी पिढी

तिसऱ्या खेपेलाही पुंजाराम भाट गावात सापडला नाही.

"तो धारनीकडे गेला," पारावरच्या एकानं तोंडातलं पान सांभाळत सांगितलं. "दिवाळीले येईन."

"दिवाळी गेल्याच महिन्यात झाली," महादेवराव म्हणाले.

"मंग म्होरच्या दिवाळीले येईन."

महादेवरावांनी हातातला टेपरेकॉर्डर पारावर टेकवला. कॉलेजचं ते धूड त्यांनी अमरावतीहून बाळापूरपर्यंत एस.टी.त मांडीवर घेतलं होतं आणि पुढे बैलगाडीत घोंगडीत गुंडाळून इथवर आणलं होतं. गावात वीज नाही, हे आधीच्या दोन खेपांत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे भाट सापडला असता तरी काही उपयोग नव्हता.

महादेवराव मराठीचे प्राध्यापक. दारोदार हिंडून घराण्यांच्या पिढ्या गाणारे मध्ययुगातले भाट, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. चार वर्षांत त्यांच्या हाती काय लागलं, तर वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या दोन वह्या आणि एक ग्रामोफोनची तबकडी. ती राजापेठेतल्या दुकानदारानं भाटाची म्हणून दिली होती आणि वाजवल्यावर नाटकातलं पद निघाली.

त्यातून नागपूरचे मार्गदर्शक! त्यांचं एकच पालुपद. "ऐकीव गाण्याला साधन म्हणत नाहीत. भाटाचा शब्द खरा धरलेला एक तरी अधिकृत कागद दाखवा. नाहीतर विषय बदला."

विषय बदला म्हणे! बेचाळिसाव्या वर्षी, पावणेचारशे पानं लिहून झाल्यावर!

त्या दिवशी पारासमोरच्या ओट्यावरून खुशालराव हे सगळं ऐकत होते. गावातली निम्मी जमीन त्यांची. त्यांनी महादेवरावांना बोलावून चहा पाजला.

"पुंजाराम आमच्या घराचा भाट व्हय," ते म्हणाले. "आमच्या पिढ्या तो दुसऱ्याच्या दारात गात नाही. पन मी म्हनलं तं आमच्या अकोल्याच्या घरी येऊन गाईन. तिथी लाइटबी हाये."

"पण तो सापडायला हवा ना?"

"मले सापडते," खुशालराव म्हणाले.

आणि खरंच, आठ दिवसांत अमरावतीला पत्र आलं.

अकोल्याला महादेवरावांचा उरलासुरला धीर सुटला. सकाळी वीज गेली, ती दुपारी आली. वीज आली तर शेजारी कुणी उखळात मिरच्या कुटायला घेतल्या. सगळं शांत झालं तर पुंजारामचा घसा बसला. मशीन फिरू लागलं की त्याच्या तोंडून आवाज निघत नसे आणि बंद केलं की तो खणखणीत गाई.

"पुंजाराम, माझा अंत पाहू नका!" महादेवराव शेवटी ओरडले.

मग तो गायला. डोळे मिटून, एकामागून एक चौदा पिढ्या. कोण कुठून आलं, कुणी विहीर खणली, कोण कुठल्या लढाईत पडलं. एक नाव अडलं नाही. महादेवरावांच्या अंगावर काटा आला. चार वर्षांची पायपीट त्या तासाभरात वसूल झाली.

पंधराव्या पिढीला पुंजारामनं डोळे उघडले, खिशातून रेघांचा एक कागद काढला आणि चष्मा लावला. खुशालरावांचे पाच पुत्र आणि त्यांच्या पाच वेगळ्या चुली त्यानं वाचून गायल्या. मधल्या एका नावाशी तो अडखळला.

महादेवरावांनी वहीत टीप लिहिली : 'नवी पिढी अद्याप मुखोद्गत नाही. परंपरा अशीच वाढते.' टीप त्यांना स्वतःलाच आवडली.

"आता माहं एक काम करा," खुशालराव म्हणाले. "हा सीलिंगचा कायदा आला, एकाजवळ ठरल्याहून जास्त जमीन असली तं सरकार काढून घेते. माही जमीन पाच पोरांत कवाचीच वाटली हाये, पन कचेरीवाले पुराव्यावर पुरावा मागून राहिले. हे मशीन तिथी वाजवा अन् दोन शब्द सांगा."

सरकारी कचेरी भाटाचं गाणं ऐकणार! महादेवरावांना दुसरं काय हवं होतं?

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी गाणं कपाळाला आठ्या घालून ऐकलं. "गाणं हा पुरावा कसा होईल?" ते म्हणाले.

झालं! नागपूरचंच पालुपद अकोल्यात. महादेवराव उखडले. चार वर्षं साठलेलं सगळं त्यांनी त्या टेबलावर ओतलं.

"अहो, एक नाव खोटं गायलं तर भाटाला पुन्हा कुणाचं दार उघडेल का? चौदा पिढ्या खऱ्या आणि पंधरावी तेवढी खोटी, असं कधी होतं का? मी शपथेवर सांगतो, लिहून घ्या!"

लिहून घेतलं गेलं. मागे पाच तरुण नव्या पांढऱ्या टोप्या घालून खाली मान घालून उभे होते. साहेबांना जेवायला जायचं होतं. त्यांनी निकाल लिहिला : भाटानं गायलेली वंशावळ ग्राह्य.

महादेवरावांनी त्या निकालाची नक्कल मागून घेतली आणि नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. आता बोला म्हणावं, नागपूरकर!

दुपारी खुशालरावांच्या घरी पंगत होती. यजमान आणि मंडळी अजून कचेरीतून परतायची होती, म्हणून महादेवरावांचं पान आधी वाढलं. वाढायला खुशालरावांच्या पत्नी गोदाबाई होत्या. आजच गावाहून आल्या होत्या. महादेवराव त्यांना प्रथमच पाहत होते. कित्येक महिन्यांनी त्यांना कडकडून भूक लागली होती आणि कुणाशी तरी गोड बोलावंसं वाटत होतं.

"वहिनी, भाग्यवान आहात," ते म्हणाले. "पाच मुलगे, आणि पाचही किती आज्ञाधारक! एकानं मान वर केली नाही."

गोदाबाई वाढता वाढता थांबल्या. हा शिकलेला माणूस आपली थट्टा करतोय, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

"ते आमच्या वावरात राबनारे सालदार व्हय, मास्तर," त्या म्हणाल्या. "मले एक जरी लेकरू झालं असतं, तं तुमाले कावून बोलावलं असतं?"