बारा महिने बिनव्याजी

बँकेचं शटर अर्धं खाली आलं होतं आणि शिवणवालीच्या पुढे अजून एक माणूस होता. तोही कसला, तर पिशवीभर नाणी घेऊन आलेला दुकानदार! कॅशियर एकेक नाणं मोजत होता. भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा मिनिटं कमी होती.

“दादा, मला आधी जाऊ द्या ना. आज भरले नाहीत तर मेलेच मी.”

“मग आम्ही काय इथे हवा खायला आलोय का?” दुकानदार म्हणाला. पण तिचा चेहरा बघून वरमला असावा. निदान नाण्यांचे ढीग लावायला तरी लागला.

वर्षापूर्वी शिलाई मशीनच्या दुकानातला सेल्समन म्हणाला होता, “बारा महिने बिनव्याजी, ताई. हे कार्ड घ्या डोळे मिटून!” ती डोळे मिटून घेणाऱ्यातली नव्हती. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेला कार्डासोबतचा कागद तिने तीनदा वाचला. तरी समाधान झालं नाही, म्हणून बँकेत फोन करून तिथल्या बाईला उभं-आडवं विचारलं.

बाईने दोन गोष्टी सांगितल्या. बाराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक पैसा जरी बाकी राहिला, तरी अख्ख्या रकमेवरचं पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागणार. आणि या कार्डावर दुसरं काही घ्यायचं नाही, कारण भरलेले पैसे आधी नव्या खरेदीत जातात, मग मशीनमध्ये.

शिवणवालीने वर्षभरात त्या कार्डावर दोऱ्याचं रीळसुद्धा घेतलं नाही. कार्डाच्या पाकिटातून त्याच खात्याचं दुसरं कार्डही आलं होतं. दवाखान्याच्या अडीअडचणीला असू द्या, म्हणून ते तिने सासूबाईंना दिलं. त्यांनी मेलेला उंदीर उचलावा तसं ते दोन बोटांत धरलं आणि बटणांच्या डब्यात टाकून दिलं.

“फुकट कुणी काही देत नसतं,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “या घरातून व्याजापायी एकदा भांडीसुद्धा गेलीत. तू नव्हतीस तेव्हा.”

शिवणवालीचं डोकं फिरलं. नऊ वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात मुकादमाची बोलणी खात कॉलर शिवत होती. आता कुठे स्वतःचं काही उभं राहत होतं. “एक पैसा जरी व्याज लागलं ना आई, तर मी मशीन विकून पुन्हा कारखान्यात जाईन. शब्द आहे माझा!”

“बघू,” सासूबाई म्हणाल्या.

ते ‘बघू’ वर्षभर घरात चौथ्या माणसासारखं वावरलं. नवरा दोघींच्या मध्ये न पडण्यात पटाईत. विषय निघाला की त्याला हमखास बाहेरचं काम आठवायचं.

अकरा हप्ते वेळेवर गेले. बाराव्याचे पैसे दवाखान्यासाठी शिवून दिलेल्या पांढऱ्या कोटांत अडकले होते. सकाळी देते म्हणालेल्या डॉक्टरीणबाईंनी दिले चार वाजता. मोबाइलवरून भरावेत, तर ते जमा व्हायला दुसरा दिवस उजाडतो. म्हणून ती बस पकडून, निम्मा रस्ता पळत इथवर आली होती.

पाचला तीन मिनिटं असताना खिडकी मोकळी झाली.

“कालपर्यंतची बाकी तेरा हजार दोनशे चाळीस,” कॅशियर स्क्रीनवर बघून म्हणाला.

तिने नोटा आत सरकवल्या.

“हे साडेतेरा आहेत, ताई. दोनशे साठ जास्त होतात.”

“असू द्या. आम्ही शिवणीतसुद्धा थोडं कापड जास्तच सोडतो. तुमचा काही भरवसा नाही बाई!”

कॅशियर हसला. शिक्का बसला. ती बाहेर पडली आणि मागे शटर धाडकन खाली आलं. पायरीवरच बसून तिने पावती दोनदा वाचली. इतकं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा सासूबाई मशीनपाशी बसून वाट बघत होत्या.

“भरले?”

तिने पावती पुढे केली. सासूबाईंनी ती चष्म्याशी धरून वाचली आणि घडी घालून परत दिली.

“हरले मी,” त्या म्हणाल्या. “फार बोलले तुला वर्षभर. मनात धरू नकोस हो.”

मग त्यांनी मशीनखालून एक खोकं ओढून काढलं. आत वाकवता येणाऱ्या मानेचा, मशीनला अडकवायचा दिवा होता. पांढऱ्याशुभ्र उजेडाचा, अगदी कारखान्यात असायचा तसा.

“डोळे फोडून घेतेस रोज त्या मिणमिणत्या बल्बखाली. मला दिसत नाही होय? दुपारीच जाऊन आणला. आज तू भरणार, याची खात्री होती मला.”

शिवणवालीचे डोळे भरून आले. तिने खोक्यावरची किंमत पाहिली. “अकराशे! आई, अहो औषधांचे पैसे मोडलेत की काय?”

“छे गं! त्यांना हातसुद्धा लावला नाही,” सासूबाईंनी हौसेने दिव्याचं बटण दाबलं. “बटणांच्या डब्यातलं ते कार्ड दिलं. वर्षभर बघतेय ना मी, खरंच बिनव्याजी आहे हो ते!”