रिकामं कपाट

पंपाच्या कारखान्यात परदेशी भागीदारांचा पैसा आला आणि त्यांनी आधी काय घेतलं, तर एक रिकामं काचेचं कपाट. "स्वतःच्या डोक्याने काही नवीन करून पाहिलं असेल, तर इथे मांडा. फसलेलंही चालेल," त्यांनी कामगारांना सांगितलं.

मालक गालातल्या गालात हसले. इथे कोण एवढा डोकेबाज बसलाय!

दुपारपर्यंत कपाटात जागा उरली नाही. टेबलांखालून, खणांतून, चिंध्यांत गुंडाळलेलं काय काय निघालं! सायकलच्या पायडलवर चालणारा पंप, अजिबात आवाज न करणारा पंप, तळहातावर मावेल एवढासा पंप. मालकांनी तोंडात बोटच घातलं.

"अरे, एवढं सगळं मला कधी दाखवलं का नाही कुणी?"

फोरमन असलेला धाकटा भाऊ खाली बघत म्हणाला, "दाखवलं होतं, दादा. तूच म्हणायचास, नसते उद्योग करू नका."